ड्रेसिंग कोणी केलं

नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षी आमच्या वर्गाच्या पोस्टिंगची यादी लागली, तेव्हा मैत्रिणींना मोठमोठी काचेची हॉस्पिटलं मिळाली आणि मला मिळाला माजी सैनिकांचा दवाखाना. घरी सांगितलं तर बाबांना वाटलं, मी सैन्यात भरती झाले. त्यांनी दुकानात पेढे वाटले. बाबा सोनं गाळायचं काम करतात, हैदराबादेत चिक्कडपल्लीला आम्ही भाड्याने राहतो, आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे माझी कुठलीही बातमी घरात जरा फुगतेच. पेढे वाटून झाल्यावर खरं काय ते सांगायचा मला धीर झाला नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे खरं बोलण्याबद्दल मी बराच आव आणणार आहे.

दवाखाना सिकंदराबादच्या बाजूला एका जुन्या बराकीत होता. बाहेरच्या हॉलमध्ये एकीकडे गादीच्या खुर्च्या होत्या, दुसरीकडे लोखंडी बाक. खुर्च्या अधिकाऱ्यांसाठी, बाक बाकीच्यांसाठी. सगळे निवृत्त होऊन वीस-तीस वर्षं झालेली माणसं. सगळ्यांची साखर वाढलेली, सगळ्यांचे गुडघे गेलेले. पण बसायचं दवाखान्याच्या कार्डावरचा हुद्दा बघून. विधवा बायका नवऱ्याच्या हुद्द्याप्रमाणे बसत. दोन शेजारणी एकाच रिक्षातून गप्पा मारत यायच्या आणि दारातून आत आल्यावर एक गादीकडे, दुसरी लोखंडाकडे जायची. कुणाला त्याचं काही वाटत नसे. पहिल्या दिवशी मला वाटलं, दुसऱ्या दिवशी मीही वाटून घेणं बंद केलं.

पहिल्याच दिवशी मला सुभेदारसाहेबांच्या पायाचं ड्रेसिंग करायला पाठवलं. हे उत्तरेकडचे, ऐंशीच्या घरातले, निवृत्तीनंतर इथेच स्थायिक झालेले. तरुणपणी बर्फातल्या चौकीवर त्यांच्या एका पायाची दोन बोटं गेली होती आणि आता त्याच पायाच्या टाचेला साखरेमुळे जखम झाली होती, भरता भरत नव्हती. मी ट्रे घेऊन त्यांच्यासमोर खाली बसले. त्यांनी पाय असा झटक्यात वर उचलला की मी मागे सरकले.

"बिटिया, बेटी से पाँव नहीं छुआते. पाप लगता है."

"साहब, मैंने ग्लोव्हज़ पहने हैं," मी म्हणाले.

"पाप ग्लोव्हज़ नहीं देखता."

यावर आमच्या पाठ्यपुस्तकात काही नव्हतं. त्यांच्याकडे मुलीला देवी मानतात, तिला पायाला हात लावू देत नाहीत, हे मला नंतर कळलं. बीपीच्या मशीनपाशी बसलेले हवालदार हसले. हे हवालदार म्हणजे दवाखान्यातले नर्सिंग असिस्टंट, सैन्यातून निवृत्त होऊन इथे लागलेले. कागदोपत्री ड्रेसिंग हे त्यांचं काम होतं. त्यांनी खुर्चीतून न उठता आतल्या बाजूला हाक मारली, "आपा! साब का पाँव अड़ गया."

आपा आली. पन्नाशीची, बुटकी, कंबरेला कायम कात्री अडकवलेली. तिचं पद होतं 'महिला परिचर'. याचा अर्थ, डॉक्टर एखाद्या बाईला तपासत असतील तेव्हा पडद्याच्या आत उभं राहायचं, आणि नसतील तेव्हा चादरी बदलायच्या. पूर्वी एक म्हातारे कंपाउंडर इथे होते, त्यांच्याजवळ उभं राहून ती ड्रेसिंग शिकली. ते गेले, हवालदारांना जखमा बघवत नव्हत्या, आणि पाय तर रोज येतच होते. तेव्हापासून अकरा वर्षं दवाखान्यातला जवळजवळ प्रत्येक पाय आपाच्या हातातून गेला होता.

तिने स्टुलावर घमेलं पालथं घातलं आणि सुभेदारसाहेबांची पोटरी धरून पाय त्यावर ठेवला.

"आपा, तू भी किसी की बेटी है," सुभेदारसाहेब कुरकुरले. ते रोजच कुरकुरत असावेत.

"मैं आपके पाँव कू कब हात लगाई साब? मैं जखम कू लगाती. पाँव आपका, जखम सरकार की. कार्ड पे लिखा सो है."

सुभेदारसाहेबांनी क्षणभर विचार केला. कार्डावर खरंच लिहिलेलं होतं, निदान बोटांबद्दल तरी. सरकारी मालमत्तेला हात लावू न देणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. त्यांनी पाय ढिला सोडला. आपा पट्टी सोडवत त्यांना सुनेबद्दल विचारत राहिली, आणि सुनेबद्दल इतकं सांगण्यासारखं होतं की जखम धुऊन झाली तरी त्यांना कळलं नाही.

नंतर रजिस्टर भरायचं होतं. शेवटचा रकाना 'ड्रेसिंग करणारा'. मी लिहिलं, आपा. हवालदारांनी ते पाहिलं आणि टेबलाच्या खणातून व्हाइटनर काढला.

"ये क्या लिख दी मुन्नी?"

"जो हुआ वही लिखा, सर."

"जो हुआ वो कौन लिखता है? जो होना चाहिए था वो लिखते हैं." फुंकर मारून त्यांनी पांढरं वाळवलं आणि वर आपली सही केली. मागची पानं उलटून पाहिली, तर सगळीकडे त्यांचीच सही. कागदावर त्या माणसाने एवढे पाय धुतले होते की त्याला संत म्हणायला हरकत नव्हती.

पोस्टिंगच्या तिसऱ्या आठवड्यात वरून पत्र आलं. सर्व दवाखान्यांनी 'समावेशक सेवा सप्ताह' साजरा करावा. समिती भेट देईल. आपल्या कर्मचाऱ्यांतील विविधतेची माहिती सोबतच्या नमुन्यात भरावी.

दवाखान्याचे प्रमुख एक निवृत्त कर्नल होते, मूळचे पुण्याचे. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांना फार आनंद झाला होता.

"अगं, कुठली तू?"

"इथलीच, सर. जामबागला शाळेत होते."

"इथली झालीस, पण मूळची?"

"वडील आटपाडीकडचे."

"वा, वा," ते म्हणाले आणि आटपाडीचं पुढे काय करावं हे न सुचून त्यांनी तो नमुना माझ्यापुढे सरकवला. "तुला कॉम्प्युटर येतो, इंग्रजी येतं. भरून टाक. आपल्याकडे तसं सगळं आहे बघ. डेंटिस्ट सरदारजी आहेत. फार्मसीत ख्रिश्चन आहेत, दोन आहेत. आपा मुसलमान आहे, शिवाय बाई आहे, म्हणजे दोन्हीकडे धरता येईल. आणि तू." त्यांनी नमुन्यावर बोट फिरवलं. "घरातली पहिली शिकलेली, ना? त्यालाही रकाना आहे. उत्तम."

मला रकाना आहे याचा मला आनंद झाला. तो मी लपवणार नाही. आजवर माझ्यासाठी कुठल्याच कागदावर वेगळा रकाना नव्हता.

नमुन्याच्या शेवटी एक प्रश्न होता: आपल्या केंद्रातील समावेशक कार्यपद्धतीचे एक उदाहरण वर्णन करा. खाली चार ओळींची जागा. बाकीच्या दवाखान्यांनी तिथे काय लिहिलं ते मला नंतर समजलं: 'आम्ही सर्व सण एकत्र साजरे करतो.' मी मात्र दोन दिवस बसून इंग्रजीत तीन पानं लिहिली. आपाचं घमेलं लिहिलं, सुभेदारसाहेबांचं पाप लिहिलं, जखम सरकारची कशी झाली ते लिहिलं. ज्या माणसांना बाईचा हात पायाला लागलेला चालत नाही, ती माणसं एका महिला परिचराकडे पाय कशी देतात, आणि सगळं कुशल ड्रेसिंग ती एकटी कशी करते, तेही लिहिलं. हे आपल्या देशातलं समावेशनाचं सुंदर उदाहरण आहे, असाही शेवट केला. कर्नलसाहेबांनी पानं मोजली, "वा, भरपूर लिहिलंस," म्हणाले आणि न वाचता सही केली.

समिती यायच्या दिवशी गादीच्या खुर्च्यांवर आणि लोखंडी बाकांवर एकाच रंगाचं कापड घातलं गेलं. एक म्हातारे शिपाई चुकून खुर्चीवर बसले आणि दचकून उठले.

समितीत तिघं होते. गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या एक मॅडम, एक निवृत्त ब्रिगेडियर आणि लॅपटॉपवर सतत काहीतरी भरणारा एक तरुण. आधी फोटो झाला. फार्मसीतल्या दोन ख्रिश्चनांपैकी एकाला बाजूला व्हायला सांगितलं, एक पुरे होता. डेंटिस्ट रजेवर होते, त्याची सगळ्यांना हळहळ वाटली. दवाखान्यातल्या कारकुनाच्या हाताची दोन बोटं सैन्यात असताना स्फोटात गेली होती. त्याला मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "हाथ ज़रा सामने रखिए ना." त्याने हात खिशात घातला आणि फोटो होईपर्यंत बाहेर काढला नाही.

मग कॉन्फरन्सच्या खोलीत बैठक झाली. आम्ही सगळे खुर्च्यांवर बसलो. आपाला खुर्ची नव्हती, कारण चहा तीच देत होती. मॅडमनी चहा घेताना तिचा हात प्रेमाने धरला.

"आपा, आपको यहाँ शामिल होकर कैसा लगता है?"

आपाने ट्रे सावरला. "मैं तो ग्यारा साल के ऊपर से हूँ मैडम. आप आज शामिल हुए. आपको कैसा लग रा?"

ब्रिगेडियर मोठ्याने हसले. मॅडमही हसल्या, जरा उशिरा. मग त्यांनी माझी तीन पानं काढली आणि निवडक ओळी मोठ्याने वाचल्या. पाप आणि ग्लोव्हजच्या जागी टाळ्या पडल्या. मी खाली बघत होते, पण माझे कान गरम झाले होते. वाचन संपलं तेव्हा लॅपटॉपवाल्या तरुणाने मान वर केली. तो दिवसभरात पहिल्यांदाच बोलला.

"या महिला परिचर आहेत ना? मग ड्रेसिंगचं प्रशिक्षण?"

त्याने टेबलावरचं रजिस्टर जवळ ओढलं.

"रजिस्टरमध्ये तर सगळ्या सह्या नर्सिंग असिस्टंटच्या आहेत," तो म्हणाला. "म्हणजे रजिस्टर खोटं आहे, की हे?"

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. आपाने ट्रे टेबलावर ठेवला.

प्रश्न चुकीचा नव्हता. मी स्वतः नर्सिंग शिकते. न शिकलेल्या हाताने जखमेशी खेळू नये, हे आम्हाला पहिल्या वर्षीच घोकवतात. माझ्या डोक्यात ते कधी आलंच नाही, कारण मला आपाचा हात दिसत होता. आणि टाळ्या मिळतील असंही दिसत होतं.

आठवड्याने पत्र आलं. सदर महिला परिचर पदाच्या कक्षेबाहेरील काम करीत असल्याचे निदर्शनास आले आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत तिच्या कराराचे नूतनीकरण स्थगित ठेवावे. आपाचा करार दरवर्षी मार्चअखेर संपायचा आणि दरवर्षी एका सहीने पुढे चालू व्हायचा. फेब्रुवारी संपत आला होता. तिच्या घरात नोकरीवर जाणारी ती एकटीच होती, हे मला त्या पत्रानंतर कारकुनाकडून कळलं. तीन पानं लिहिताना मी हे विचारलंही नव्हतं.

मी ड्रेसिंगच्या खोलीत गेले. आपा कपाट आवरत होती.

"मैं तेरे कू लिखने कू बोली थी?" तिने विचारलं.

"नाही."

"लिखने से पहले तू मेरे कू पूछी थी?"

"नाही."

"हौ," ती म्हणाली. एवढंच. मग तिने कपाटाला कुलूप लावून किल्ली हवालदारांकडे दिली, कारण त्या दिवसापासून तिला त्या खोलीत जायची मनाई होती.

हवालदार ड्रेसिंग करू लागले. सुभेदारसाहेबांनी पुरुषाला पाय द्यायला काहीच आढेवेढे घेतले नाहीत. पण हवालदार तोंड फिरवून पट्टी बांधत, आणि ती इतकी घट्ट बसली की तिसऱ्या दिवशी पाय सुजून आला. सुभेदारसाहेब बाकावर बसून आरोळी ठोकायचे, "आपा किधर है? छुट्टी पे है क्या?" आपा दहा पावलांवर, पडद्यापाशी उभी असायची. तिची मनाई फक्त जखमेपुरती होती.

मी कर्नलसाहेबांकडे गेले.

"सर, आपाला प्रशिक्षण देता येणार नाही का? परीक्षा घ्या. ती पास होईल."

"अगं, महिला परिचराला ड्रेसिंग शिकवलं की ती महिला परिचर राहत नाही. मग ती जागा रिकामी होते. आणि शिकलेली म्हणून जी दुसरी जागा आहे, ती माजी सैनिकासाठी राखीव. तिथे ती बसत नाही. कुठे ठेवू तिला? हॉलमध्ये?"

"पण समावेशनाचं पत्र..."

"त्यात आहे ना ती. फोटोत पहिल्या रांगेत आहे." ते थट्टा करत नव्हते. उलट त्यांचा चेहरा पडला होता. आपाने त्यांच्या सासऱ्यांचाही पाय वाचवला होता, हे त्यांनीच मला मागे सांगितलेलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एक करता येईल. तू विद्यार्थिनी आहेस. विद्यार्थिनीने उत्साहाच्या भरात अतिशयोक्ती केली, प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं, असं लिहून दे. रजिस्टर आपल्या बाजूने आहेच. विषय संपतो."

"पण मी लिहिलंय ते खरं आहे, सर."

"तीच तर अडचण झाली, मुली. खोटं असतं तर मी नुसतं फाईलला लावलं असतं."

मी म्हटलं, विचार करते. खरं म्हणजे विचार करण्यासारखं काही नव्हतं. एका बाजूला माझं खरेपण होतं, ज्याचं मला कौतुक होतं, आणि दुसऱ्या बाजूला आपाचा मार्च. तरीही मी दोन दिवस घेतले. हे दोन दिवस मला आजही आवडत नाहीत. कॉलेजात कळेल, शेऱ्यात येईल, घरातली पहिली आणि खोटं लिहिणारी, असं काय काय मनात येत होतं. तिसऱ्या दिवशी सुभेदारसाहेबांची पट्टी सोडवली तेव्हा खोलीत वास पसरला. मी हात धुतले आणि कर्नलसाहेबांच्या टेबलापाशी उभी राहूनच लिहिलं: 'सदर वर्णन मी ऐकीव माहितीवर व कल्पनेने लिहिले. महिला परिचर ड्रेसिंग करताना मी पाहिलेली नाही.' दोन ओळी. नमुन्यात चार ओळींची जागा होती, तेव्हाच एवढंच लिहायला हवं होतं.

हवालदारांनी साक्षीदार म्हणून खाली सही केली. "सीख गई," ते म्हणाले. टोमणा होता की शाबासकी, मला अजून ठरवता आलेलं नाही.

चौकशी मिटली. समितीच्या अहवालात आमच्या दवाखान्याला समावेशनासाठी 'उल्लेखनीय' असा शेरा मिळाला. कर्नलसाहेबांनी कपाटाची किल्ली 'चादरी ठेवण्यासाठी' म्हणून आपाला परत दिली. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तिच्या करारावर सही झाली. ती रोज पाय धुऊ लागली आणि हवालदार रोज सही करू लागले. आता मीही त्यांच्या सहीकडे बघेनाशी झाले. कॉलेजातल्या मॅडमनी माझ्या मूल्यमापनात लिहिलं: कल्पनाशक्ती चांगली, निरीक्षणात सुधारणा आवश्यक.

पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी आपाने मला ड्रेसिंगच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटलं. महिनाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली होती.

"वो तीन पन्ने हैं तेरे पास?"

माझ्या बॅगेत एक प्रत होती.

"पढ़. उस दिन सब ताल्या मारे, मेरे कू एक अक्षर नहीं समझा. अंग्रेजी में था."

मी एकेक ओळ मोडक्या दक्खनीत करून वाचू लागले. ती स्टुलावर बसून गॉझचे चौकोन कापत होती. घमेल्याचं ऐकून तिने मान हलवली. सुभेदारसाहेबांच्या पापाशी तिला हसू आलं. मग मी वाचलं की, आपा स्पिरिटने जखम पुसून घेते, आणि कात्री थांबली.

"क्या से पोंछती?"

"स्पिरिट."

"खुले जखम कू स्पिरिट? साब छत पे चढ़ जाते ना! सलाइन से धोती मैं. स्पिरिट तो कैंची का है. तीन हफ्ते बाजू में खड़े होके तू क्या देखी?"

मी पानावर वाकून पाहिलं. स्पिरिटच लिहिलं होतं. समितीनेही ते टाळ्या वाजवून मान्य केलं होतं. मी तिला कॉलेजातल्या मॅडमचा शेरा सांगितला, निरीक्षणात सुधारणा आवश्यक. ती इतकी हसली की तिने ओढणी तोंडावर धरली.

"सही लिखे मैडम. आगे पढ़."

मी शेवटपर्यंत वाचलं. समावेशनाचं सुंदर उदाहरण वगैरे मी गाळणार होते, पण तेही वाचलं. मग कापलेले चौकोन डब्यात नीट रचून तिने झाकण लावलं.

"अच्छा लिखी," ती म्हणाली. "फाड डाल."

मी कागद फाडले. दोनदा, चारदा. तुकडे घेऊन मी काळ्या पिशवीकडे वळले, कोरड्या कागदांच्या.

"उसमें नक्को. पीली में डाल. पीली वाली जलाते."

पिवळ्या पिशवीत सकाळपासूनच्या पट्ट्या पडल्या होत्या. मी तुकडे त्यांच्याखाली ढकलले. आपाने माझ्याकडे ग्लोव्हजचा खोका सरकवला, हनुवटीने बाहेर हॉलमध्ये थांबलेल्या पेशंटांकडे खूण केली आणि म्हणाली, "चल, पहले सलाइन खोल."